मिसेस कीओ बसत नसत

मिसेस कीओंना खुर्चीवर बसलेलं मी कधी पाहिलं नाही. मी काही फार भरवशाचा साक्षीदार नाही, पण आयर्लंडमधल्या नास गावच्या शाळेत त्यांच्याकडे इतिहास शिकलेली पोरंही हेच सांगतात. स्टाफरूममध्ये त्यांची एक खुर्ची होती, तिच्यावर त्यांचा कोट बसायचा. त्या स्वतः व्हरांड्यात. हातात चहाचा कप. दोन घोट झाले की जवळ जे काही सपाट असेल त्यावर कप ठेवून पुढे. खिडकीचा कठडा, आग विझवायच्या नळकांड्याची पेटी, एकदा तर मुख्याध्यापकांच्या गाडीचा टप. ते बिचारे कपासकट डब्लिनच्या रस्त्याला लागले होते. शुक्रवारी शेवटच्या तासाला पोरं शाळाभर हिंडून कप गोळा करायची. या कार्यक्रमाला 'मिसची सुगी' असं नाव होतं.

त्या मूळच्या अमेरिकेतल्या मेम्फिसच्या, काळ्या. किल्डेरमधल्या एका घोड्यांच्या डॉक्टरशी लग्न करून आयर्लंडला आल्या. तो गेला, त्या राहिल्या. याहून जास्त चरित्र मला ठाऊक नाही, कारण चरित्र सांगायला माणसाला एका जागी थांबावं लागतं.

आमची पहिली भेट पालकसभेत झाली. इथली पालकसभा म्हणजे हॉलमध्ये ओळीने टेबलं, प्रत्येक टेबलामागे एक शिक्षक आणि पुढे पालकांची रांग. मिसेस कीओंच्या टेबलामागे कोणी नव्हतं. रांग होती, आणि ती चालत होती. बाई बास्केटबॉलच्या पांढऱ्या रेषेवरून हॉलला फेऱ्या घालत होत्या, शेजारी ज्याची पाळी तो पालक, आणि मागून उरलेले आम्ही, वरातीसारखे. छाप पडावी म्हणून मी त्या दिवशी नवे बूट घातले होते. माझी पाळी येईपर्यंत टाचेची सालं निघाली.

"सहस्रबुद्धे," त्या म्हणाल्या. सबंध आडनाव, न अडखळता. ऑफिसात मला सगळे 'मिस्टर एस' म्हणतात, त्यामुळे मी क्षणभर मागे वळून पाहिलं. इंग्रजीत तू-तुम्ही नसतं म्हणतात, पण बाईंच्या बोलण्यात ते लख्ख ऐकू यायचं. मुलांना तुम्ही, मला तू.

"विचार."

"सईचा नंबर कितवा?"

"कसला नंबर?"

"वर्गातला. रँक."

"तसलं आम्ही ठेवत नाही. दुसरा प्रश्न?"

दुसरा मी आणलाच नव्हता. पुण्याहून निघताना माझ्या वडिलांनी मला एकच प्रश्न बांधून दिला होता आणि त्यावर माझं आजवर भागलं होतं.

"मग मी विचारते," त्या वळणावर वेग वाढवत म्हणाल्या. "ती दुपारी डबा कोणाबरोबर खाते?"

"मैत्रिणींबरोबर," मी ठोकून दिलं.

"एकीचं नाव सांग."

मी बूट बघत चालू लागलो. आम्ही मेनूथहून नासला राहायला आलो त्याला तेव्हा थोडेच महिने झाले होते. घर मोठं मिळालं म्हणून मी खुशीत होतो. सई शाळेतून आली की मी विचारायचो, शाळा कशी होती? ग्रँड. डबा संपवलास? ग्रँड. आयर्लंडमध्ये 'ग्रँड' या एका शब्दाखाली माणूस काहीही झाकून ठेवू शकतो, हे मला माहीत असायला हवं होतं. ऑफिसात माझे सगळे रखडलेले प्रोजेक्ट ग्रँडच असतात.

"ती लायब्ररीमागच्या जिन्यात बसून खाते. एकटी," मिसेस कीओ म्हणाल्या. "मी बघतेय काय करता येईल ते. तू नंबर विचारू नकोस. पुढचे कोण?"

घरी आल्यावर बायकोने, मुग्धाने, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तू खरंच नंबर विचारलास?"

बाईंनी काय केलं, तर सईला चालवलं. त्यांचा वर्ग मैदानाला फेऱ्या मारत इतिहास शिकायचा. जोडीजोडीने, आणि जोड्या त्या लावायच्या. परत वर्गात शिरेपर्यंत प्रत्येकाने आपल्या जोडीदाराबद्दल अशी एक गोष्ट शोधून काढायची, जी त्याच्याकडे नुसतं बघून कळली नसती. सईची जोडी लागली टोमीशी. टोमीचे आईवडील नायजेरियाचे, ती जन्मापासून नासची. कॅमोगी नावाचा काठी-चेंडूचा मुलींचा खेळ असतो इथे, त्यात ती गोल अडवायची, आणि तिच्या अंगावर येणाऱ्या मुलींची मला काळजी वाटायची. त्या दिवशी सई घरी आली ती दारातूनच बोलत. "बाबा, टोमी घोड्यांना जाम घाबरते! किल्डेरमध्ये राहून! घोडा दिसला की फूटपाथ बदलते!" कित्येक आठवड्यांनी मी तिच्याकडून 'ग्रँड' सोडून काही ऐकत होतो. ती हे सगळं नासच्या हेलातल्या इंग्रजीत बोलते, मी तुमच्यासाठी मराठी करतोय.

नंतर टोमी आमच्याकडे इतकी यायला लागली की स्वयंपाकघरातल्या प्रेसमधला, म्हणजे आपल्या कपाटातला, चकलीचा डबा तिला माझ्याआधी सापडायचा. जिन्यातलं जेवण बंद झालं. मी मुग्धाला म्हणालो, "बघ, मार्गी लागलं." मी असं म्हणालो की मुग्धा काळजीत पडते.

एक गाण्याची गोष्ट सांगतो. नाताळच्या आधी शाळेत पालकांचा चहा असतो. पालक समितीतल्या एका उत्साही बाईंनी सगळ्यांसमोर मिसेस कीओंना आग्रह केला, एखादं चर्चमधलं गाणं होऊन जाऊ दे, तुम्ही तर मेम्फिसच्या! मिसेस कीओ लगेच तयार. त्यांनी सुरुवात केली आणि हॉलमधल्या माणसांनी जमिनीकडे बघायला सुरुवात केली. इतकं बेसूर गाणं मी इथल्या मराठी मंडळाच्या अंताक्षरीतही ऐकलेलं नाही. बरं, संपेना. सगळी कडवी, प्रत्येक कडव्यानंतर धृपद, टेबलांमधून फिरत फिरत, आग्रह करणाऱ्या बाईंच्या अगदी कानाजवळून. शेवटी टाळ्या पडल्या त्या सुटकेच्या.

बाहेर पडताना मी सांत्वन करायला गेलो. "प्रत्येकाला गाता येतंच असं नाही."

"मला येतं की," त्या म्हणाल्या. "दर रविवारी चर्चमध्ये गाते. चांगली गाते. माझ्या तोंडाकडे बघून जे गाणं मागतात, त्यांना हे मिळतं. दुसऱ्यांदा कोणी मागत नाही."

मी पोट धरून हसलो. घरी येऊन मुग्धाला नक्कल करून दाखवली. गोष्ट इतकी आवडली की तिच्यात माझ्यासाठी काही असेल असं डोक्यातही आलं नाही.

दर वसंतात त्या ट्रान्झिशन इयरच्या मुलांना, म्हणजे साधारण आपली अकरावी आणि परीक्षेचा जाच नाही असं वर्ष, दक्षिणेकडच्या कॉर्क शहरात घेऊन जायच्या. आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सडून दुष्काळ पडायला लागला होता त्या सुमाराला अमेरिकेतल्या गुलामगिरीतून निसटलेला एक तरुण बोटीने इकडे आला होता आणि गावोगाव भाषणं देत हिंडला होता. कायद्याने तो तेव्हाही पळालेला गुलामच. तो जिथे बोलला त्या जागा पायी बघायच्या, अशी ही सहल. त्याचं नाव बाई शेवटच्या थांब्यापर्यंत सांगत नसत. "नाव सांगितलं की मुलं फोनवर शोधतात आणि चालायची थांबतात." त्यांचा मान राखून मीही इथे सांगत नाही.

शेवटच्या थांब्यावर खोका असायचा. मासळीबाजारातून आणलेला जुना लाकडी खोका, बसच्या पोटात घालून न्यायचा, त्या जुन्या इमारतीसमोर फूटपाथवर ठेवायचा, आणि मुलांपैकी कोणीतरी त्यावर उभं राहून स्वतःच्या शब्दांत बोलायचं. काय बोलायचं ते ठरलेलं नसे.

सईच्या वर्गाची पाळी आली तेव्हा पालकांमधून मदतनीस हवा होता. मी हात वर केला. पोलिसांकडून माझी रीतसर पडताळणी झाली, तीत मी मूर्ख आहे का हे कोणी तपासत नाही. मी म्हणालो, "कॉर्क मला पाठ आहे, मी रिंगास्किडीला काही वर्षं काम केलंय." खरं तर मला पाठ होतं ते कॉर्कबाहेरच्या रिंगास्किडीतल्या औषध कारखान्याचं कॅन्टीन. आणखी एक सांगायला हवं. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मुलांचं नाटक मी बसवतो. दिग्दर्शनाचा एक रोग असतो. माणूस दिसला की भूमिका दिसायला लागते.

बस निघाली. मिसेस कीओ मधल्या वाटेत येरझाऱ्या घालत होत्या.

"बसा हो मिसेस!" ड्रायव्हर ओरडला. "कायदा आहे तसा!"

"कायदा मोडून आलेल्या माणसालाच भेटायला चाललोय," त्या मागच्या टोकाकडून ओरडल्या.

त्या मागे गेल्या आणि मला ड्रायव्हरजवळचा माइक दिसला. माइक दिसला की माझा हात जातो, हा मंडळातल्या सगळ्यांचा अनुभव आहे. मी मुलांना सहलीची माहिती दिली, खोक्याची दिली, आणि वर म्हणालो, "आणि खोक्यावर उभी राहायला आपल्याकडे टोमी आहेच! शोभून दिसेल!"

पुढची पोरं वळून टोमीकडे बघायला लागली.

"मीच का?" टोमीने विचारलं. ती सईच्या शेजारी बसली होती.

"अगं म्हणजे... तुला ते जास्त जवळचं..."

"मी नासची आहे. माझे आईबाबा लागोसहून विमानाने आलेत. तो माणूस माझा कोण?"

माइक चालू होता, त्यामुळे मी आवंढा गिळलेला शेवटच्या सीटपर्यंत ऐकू गेला. तेवढ्यात सई घाईघाईने म्हणाली, "टोमी, बाबांना तसं म्हणायचं नव्हतं."

"तू दर वेळी हेच म्हणतेस," टोमी म्हणाली. बॅग उचलली आणि पुढे ड्रायव्हरच्या मागच्या रिकाम्या सीटवर जाऊन बसली.

दर वेळी! म्हणजे ही पहिली वेळ नव्हती. मी चकल्यांपासून सगळं आठवून पाहिलं आणि आणखी काय काय बोललो असेन त्याचा अंदाज येईना. सई खिडकीकडे तोंड करून बसली होती, शेजारची सीट मोकळी. तो लायब्ररीमागचा जिना मला बसमध्येच दिसायला लागला. एका वर्षात कशीबशी जमलेली एक मैत्री, ती मी एका वाक्यात, लाउडस्पीकरवरून मोडली होती.

मिसेस कीओ आल्या, माझ्या हातातला माइक घेतला, बंद केला.

"खोक्यावर कोणाला नेमायचं नसतं, सहस्रबुद्धे. ज्याला आत काहीतरी टोचतंय तो चढतो. कोणीच चढलं नाही, तर आपण रिकाम्या खोक्याभोवती उभे राहतो आणि घरी येतो."

"मी माफी मागतो. आत्ता. माइकवरून."

"देवा! नको. आज तुझी जोडी टोमीबरोबर."

"अहो, ती माझ्याशी बोलणारसुद्धा नाही."

"ठाऊक आहे. चाल तरी."

कॉर्कमध्ये त्यांनी वर्गाचे दोन भाग केले. एक त्यांनी घेतला. दुसरा, मला कॉर्क पाठ असल्यामुळे, माझ्यामागे आला. टोमी शेजारी, कानात इयरफोन.

"कॅमोगी कसं चाललंय?"

"ग्रँड."

मी बोलत सुटलो. माझ्या मनात गोंधळ असला की मी स्थळवर्णन करतो. हे बघा मुलांनो, नदी ओलांडली की आलंच. पूल ओलांडला. आलं नाही. चढ लागला. असा चढ की दोन पोरांनी जॅकेटं काढून कमरेला बांधली. चढावरची घरं एकमेकांच्या डोक्यावर बसल्यासारखी, आणि वरून एक आजोबा कुत्र्याला घेऊन उतरत होते, त्यांनी आमच्याकडे दयेने पाहिलं.

टोमीने एक इयरफोन काढला. "नदी ओलांडायची होती ना?"

"ओलांडली की."

"दोन आहेत."

गाव नदीच्या दोन फाट्यांच्या मधोमध बसलंय आणि मी अख्खा वर्ग भलत्या काठाला आणलाय, हे मला तिथे चढावर कळलं. रिंगास्किडीला बायपासने जातात, फाटे लागत नाहीत. मागून कोणीतरी ओरडलं, "तुमचं पाठ झालेलं कॉर्क दुसरं असेल!" आम्ही वळलो.

उतारावर टोमीने दुसराही इयरफोन काढला. "खरं सांगा. मलाच का?"

काय सांगणार? मी तिला गणपतीतल्या नाटकाची गोष्ट सांगितली. नाटकात एक इंग्रज कलेक्टर होता. मंडळाच्या पोरांत गोरा कोणी मिळेना, म्हणून मी सईच्या वर्गातल्या कियनला घेतलं. सोनेरी केस, निळे डोळे, टोपी छान बसली. प्रयोगाला त्याचे बाबा सूट घालून आले. मुलगा स्टेजवर येऊन राणीच्या नावाने हुकूम सोडायला लागला तसे ते हळूहळू लाल होत गेले. नंतर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, माझ्या आजोबांनी आयुष्य घालवलं इंग्रजांना देशातून काढण्यात, आणि तू माझ्या पोराला इंग्रज केलास?

टोमी थांबली. "कियनला? इंग्रज?"

"गोरा होता ना."

तिच्या नाकातून एक फुर्रकन आवाज आला. हसायचं नव्हतं तिला, पण पुन्हा आला. मग ती भिंतीला टेकून हसली आणि मी आशेने तिच्याकडे बघत राहिलो. हसणं संपल्यावर ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही हे सगळ्यांनाच करता."

"हो. भेदभाव नाही."

"हे काही बरं नाहीये."

"नाही," मी म्हणालो.

थोडं चालून झाल्यावर ती म्हणाली, "मी तुमच्यावर चिडले नाहीये. तुमच्यावर काय चिडायचं! मी सईवर चिडलेय. कोणीही काही बोललं की ती आधी त्यांना सांभाळते. मला कधी सांभाळणार?"

यावर मी नुसती मान हलवली. शहाणपण वगैरे काही नाही, धाप लागली होती.

आम्ही पोचलो तेव्हा मिसेस कीओ फूटपाथवर खोक्याभोवती फेऱ्या मारत होत्या. सई पलीकडे, घोळक्याच्या कडेला. मी बाईंच्या शेजारून चालत कुजबुजलो, "टोमीचं काय दुखतंय ते मला कळलंय. सईला जाऊन सांगतो. एकच वाक्य."

"नाही."

"अहो पण एकच..."

"तुझी आजची वाक्यं संपली."

मग त्यांनी मुलांना त्या माणसाचं नाव सांगितलं, तो याच दारातून आत गेला होता हे सांगितलं, आणि पुन्हा फेऱ्या सुरू केल्या. कोणी पुढे होईना. खोका रिकामा. सीगल ओरडत होते. पिशवीतून कांद्याची पात डोकावत असलेले एक म्हातारे गृहस्थ थांबून म्हणाले, "कोणाचं भाषण?"

"अजून ठरलेलं नाही," मिसेस कीओ चालता चालता म्हणाल्या.

"मग थांबतो," म्हातारा म्हणाला.

माझे पाय वळवळत होते. कोणीतरी चढा रे, नाहीतर मी चढेन, असं मला झालं होतं, आणि मुग्धा तिथे असती तर तिने माझी कॉलर धरली असती. तेवढ्यात सई पुढे आली. जॅकेट काढून खोक्याच्या कडेला टाकलं आणि वर चढली. हीच सई नाटकात माझ्या हाताखाली कायम मागच्या रांगेतलं झाड असायची.

"तो इथे आला तेव्हा लोक त्याला बघायला आले," ती म्हणाली. "तो काय बोलणार, हे खूप जणांनी आधीच ठरवलं असणार." थांबली. "आज बसमध्ये माझ्या बाबांनी टोमीला तसंच केलं."

सगळा वर्ग माझ्याकडे वळला. मी एका सीगलकडे अतिशय लक्षपूर्वक पाहिलं.

"आणि मी म्हणाले, त्यांना तसं म्हणायचं नव्हतं. ते मी टोमीसाठी नव्हते म्हणाले. सगळ्यांनी बाबांकडे बघणं थांबवावं म्हणून म्हणाले. टोमीला कसं वाटलं ते मी विचारलंच नाही. विचारायला पाहिजे होतं. एवढंच."

उतरली. म्हाताऱ्याने पिशवी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. टोमी इमारतीकडे बघत होती, तिने मान वळवली नाही. मला लाज वाटत होती, आणि मंडळाच्या इतक्या वर्षांत या मुलीने एवढा स्वच्छ आवाज एकदाही का काढला नाही, असा रागही आला होता. मिसेस कीओंनी खोका उचलून माझ्या हातात दिला. "बसमध्ये ठेव. जपून."

परतीच्या वाटेवर टोमी पुन्हा ड्रायव्हरमागे. सई पुन्हा एकटी, खिडकीला डोकं टेकून. बसमधली बाकीची पोरं गाणी म्हणत होती, क्रॅक, म्हणजे इथली धमाल, चालला होता, आणि मी दर मैलाला मागे वळून सईकडे आणि पुढे टोमीकडे बघत होतो. काही होईना. कॅशेल गेलं. अजून काही नाही. खोक्यावर चढण्याचाही उपयोग झाला नाही तर मग आता काय उरलं, असं मनात येत होतं.

पोर्टलीशच्या अलीकडे टोमी उठली. वाटेतून येरझाऱ्या घालणाऱ्या मिसेस कीओंना ओलांडून मागे आली आणि सईच्या मांडीवर एक जॅकेट फेकलं.

"फूटपाथवर टाकून आलीस, ईजिट." ईजिट म्हणजे इथला इडियट.

सईने जॅकेट पाहिलं. टोमी उभीच.

"सरक," टोमी म्हणाली.

सई सरकली. टोमी बसली. मी काहीतरी प्रसंगोचित बोलावं म्हणून तोंड उघडून पूर्ण मागे वळलो, तर डोक्यावर एक हात आला आणि लहान मुलाचं फिरवतात तसं माझं डोकं पुढच्या काचेकडे फिरवून गेला.

त्या उन्हाळ्यात मिसेस कीओ निवृत्त झाल्या आणि बहिणीजवळ राहायला मेम्फिसला परत गेल्या. निरोप समारंभ झाला, मी गेलो होतो, पण तिथे त्या गर्दीत कोणाच्या हाती लागल्या नाहीत. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या थोडे दिवस आधी, नासच्या कालव्यावर.

ऑफिसातून येताना कालव्याच्या कडेने गाडी हळू चालली होती. पाण्याकाठच्या वाटेवर मिसेस कीओ तरातरा पुढे, आणि त्यांना गाठायला अर्धवट पळत, दोन बाजूंना सई आणि टोमी. काहीतरी जोरात चाललं होतं. टोमी हातवारे करून बोलत होती आणि सई तिला मध्येच तोडून, चक्क बोट नाचवून, काहीतरी ठासून सांगत होती. टोमी ओरडली. सईही ओरडली. बाईंनी मागे न बघता एक शब्द टाकला, त्यावर दोघी एकदम त्यांच्यावर तुटून पडल्या. मी काच खाली केली. गाडीत तिघींना जागा होती. हाक मारावी, विचारावं काय वाद आहे, माझं मत सांगावं, असं सगळं ओठांपर्यंत आलं होतं.

मागच्या गाडीने हॉर्न दिला. मी काच वर केली आणि पुढे निघालो. त्या तिघी पुलाखाली शिरल्या. वाद कशावरून होता ते मला अजून कळलेलं नाही.